सुपरहिरोच्या रंगाची राखण: कोल्हापुरातल्या कापड दुकानापासून डीआयपर्यंत

सुपरहिरोची शॉर्टफिल्म करणारे बहुतेक जण रंगाचा विचार शूट आटोपल्यावर करतात. टील-ऑरेंजचा एखादा लट (तयार रंगबदलाची फाइल) डाउनलोड करायचा, सगळ्या टाइमलाइनवर टाकायचा आणि मग हिरो मागच्या भिंतीत का विरघळला म्हणून डोकं खाजवत बसायचं. कारण साधं असतं. हिरोला रंग दिलेला असतो, पण त्या रंगाची राखण कुणी केलेली नसते. उभ्या पिकात गुरं शिरावीत तसा तोच रंग मागच्या दुकानाच्या बोर्डात, मित्राच्या टी-शर्टात, रात्रीच्या ग्रेडमध्ये (शूटनंतर डीआयमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर, केलेल्या रंगकामात) शिरतो. खाली दिलेलं सगळं काम या एका राखणीसाठी आहे: एक रंग हिरोचा, तो फ्रेममध्ये दुसऱ्या कुणाला मिळणार नाही.

ही पद्धत कॉमिक्समधून आली. हलक्या कागदावर चार शायांत छपाई, चित्रं लहान; पात्र एका नजरेत ओळखू यावं म्हणून कपडे ठसठशीत लाल, निळे, पिवळे. १९६२च्या पहिल्या अंकात हल्क राखाडी होता. छपाईत तो राखाडी एकसारखा येईना, म्हणून दुसऱ्या अंकापासून गडी हिरवा झाला. आपल्याकडचं उदाहरण तर याहून चोख आहे. ‘मिस्टर इंडिया’मध्ये (१९८७) अदृश्य झालेला नायक फक्त लाल प्रकाशात दिसतो. तिथे लाल ही सजावट नाही, तो कथेतला नियम आहे. लाल काच दिसली की प्रेक्षक सावरून बसतो. आपल्या गोष्टीतल्या रंगाला असा एखादा नियम देता आला तर जरूर द्या, ग्रेडिंगचं निम्मं काम कागदावरच होतं.

आधी गाव बघा, मग रंग ठरवा

कोल्हापूरचे स्वतःचे रंग जोरकस आहेत. तालमीतली तांबडी माती, जोतिबाचा गुलाल, पट्टणकोडोलीचा भंडारा, पावसाळ्यातला ऊस, अंबाबाईच्या देवळाचा काळा दगड, चौकाचौकातले भगवे झेंडे. लाल पोशाखातला हिरो तालमीत उभा केला की मातीत जातो. पिवळा घेतला तर प्रत्येक पिवळा बल्ब आणि भंडारा त्याच्याशी भांडतो. हिरवा घेतला तर शहराबाहेर पाऊल टाकताच ऊस त्याला गिळतो. भगव्याबद्दल तर बोलायलाच नको. उरतात गडद निळा, मोरपंखी आणि जांभळा. आपण इथे गडद निळा धरून पुढे जाऊ.

निळा घेतला की एक किंमत लगेच मोजावी लागते: रात्र निळी करता येणार नाही. परदेशी सुपरहिरोपटांतली पोलादी निळी रात्र बघून सगळ्यांना तीच हवी असते. पण निळ्या रात्रीत निळा हिरो म्हणजे पांढऱ्या रश्शात दूध शोधण्यासारखं आहे. तुमची रात्र करडी, किंचित हिरवट किंवा तपकिरी काळी असली पाहिजे. खलनायकाला ट्यूबलाइटसारखा आजारी पिवळट हिरवा द्या. मग उसाच्या फडातला प्रसंग आपोआप त्याच्या हद्दीत जातो आणि तिथे शिरलेला निळा हिरो परका दिसतो. हे फुकटात मिळालेलं नाट्य आहे, ते सोडू नका.

लोकेशन बघायला जाल तेव्हा शूटच्याच वेळी जा आणि मोबाइलवर दहा-बारा फोटो काढा. घरी येऊन ते गॅलरीत इतके बारीक करून बघा की माणसं ओळखू येऊ नयेत. जे तीन रंग डोळ्यात राहतात तेच त्या जागेचे रंग. त्यांत निळा निघाला तर जागा बदला, नाहीतर झाकाझाकीची तयारी ठेवा. कोल्हापुरात पावसाळ्यात निळ्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ताडपत्री. बाजारपेठेत निम्म्या दुकानांवर निळी ताडपत्री ताणलेली असते. शिवाय निळे प्लास्टिकचे पिंप, निळे पत्र्याचे दरवाजे, शाळेचे गणवेश आहेतच. फ्रेममधलं एक निळं पिंप हलवायला दोन मिनिटं लागतात. तेच पिंप ग्रेडमध्ये मास्क करून (वेगळं निवडून), ट्रॅक करून (हालचालीबरोबर ती निवड सरकवून), विझवायला दर शॉटला वीस मिनिटं लागतात.

एका कागदावर रंगपट लिहा. प्रत्येक प्रसंगापुढे तीन रकाने: हिरोचा रंग दिसतो का, जागेचे रंग कोणते, काय चालणार नाही. कपडेपट, कला आणि कॅमेरा सांभाळणाऱ्या तिघांकडे हा एकच कागद हवा. बाकीच्या पात्रांना मातकट, करडे, मळखाऊ पांढरे, खाकी कपडे द्या. मित्राचं पात्र करणारा हमखास निळी जीन्स घालून येतो, म्हणून त्या कागदावर ‘जीन्स नको’ असं वेगळं लिहाच.

कापड

दुकानात जो निळा आवडतो तो कॅमेऱ्याला आवडेलच असं नाही. चमकदार लायक्रा टाळा. प्रकाश पडला की तिच्यावर पांढरे पट्टे उमटतात, आणि पांढऱ्यात रंग नसतो. ग्रेडमध्ये सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) कितीही ओढलं तरी ते पट्टे पांढरेच राहतात. मॅट, थोडं खरबरीत, विणीची जाळी दिसेल असं कापड घ्या.

हव्या त्या निळ्याच्या तीन छटांचे अर्धा-अर्धा मीटर तुकडे आणा: एक मनातला, एक त्याहून गडद, एक किंचित हिरवटाकडे झुकणारा. तिन्ही तुकडे नटाच्या खांद्यावर टाकून ते तीन प्रकाशांत शूट करा: दुपारचं ऊन, घरातला एलईडी आणि ज्या रस्त्यावर रात्रीचं काम आहे तिथलाच दिवा. शेवटची चाचणी टाळू नका. जुना सोडियमचा नारिंगी दिवा असेल तर त्याच्या प्रकाशात निळा भाग जवळपास नसतोच, त्यामुळे निळं कापड काळपट तपकिरी दिसतं. जो रंग प्रकाशातच नाही तो कापडावरून परत येणार नाही आणि ग्रेडमध्ये तो उकरून काढायला गेलात तर फक्त नॉइज (नाचणारे दाणे) हाती लागतो. अशा रस्त्यावर हिरोसाठी स्वतःचा दिवा न्यावाच लागतो.

लाल किंवा गुलाबी किनार द्यायची असेल तर ती मंद ठेवा. भडक लाल कापडावर कॅमेऱ्याचा लाल चॅनेल आधी फुटतो आणि घड्या, शिवण सगळं पुसून लाल पुठ्ठा दिसायला लागतो. छातीवरचं चिन्ह पितळी ठेवलं तर निळ्यावर छान उठतं, फक्त त्यावर मॅट फवारा मारा.

उडण्याचे शॉट असतील तर पडदा हिरवा घ्या, निळा नाही. १९७८च्या ‘सुपरमॅन’च्या वेळी निळ्या पडद्यासमोर निळा पोशाख कापला जात होता, म्हणून त्या शॉटसाठी पोशाख हिरवट निळा रंगवून नंतर छपाईत रंग दुरुस्त केला गेला. आपल्याला ती उठाठेव नको. नट पडद्यापासून किमान सात-आठ फूट पुढे उभा करा, नाहीतर हिरवा प्रकाश उलटून खांद्यांवर येतो आणि निळा पोशाख कडेला मोरपंखी होतो.

चाचणी हा शब्द या गावात तरी गांभीर्याने घ्यावा. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’च्या (१९३३) रंगीत प्रती जर्मनीत करून घेतल्या आणि रंग फसले. त्यांना निकाल कळायला समुद्र ओलांडावा लागला. तुम्हाला पाच मिनिटं पुरतात.

शूटच्या वेळी

भारतात वीज ५० हर्ट्झची आहे. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की बहुतेक दिव्यांचं फडफडणं टळतं. २४ फ्रेम हवेच असतील तरी शटर १/५० वरच ठेवा.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर कधीही नको. हिरो फ्रेममध्ये आला की ऑटोला चित्र निळं झाल्यासारखं वाटतं आणि तो सगळं पिवळं करतो. हिरो बाहेर गेला की परत निळं. एकाच शॉटमध्ये सरकणारा बॅलन्स डीआयमध्ये सुधारायचा म्हणजे फ्रेमागणिक मरण. दिवसा ५६००, घरातल्या पिवळ्या दिव्यांत ३२००, मिश्र प्रकाशात ४३०० केल्व्हिन धरा आणि प्रसंग संपेपर्यंत हात लावू नका.

लॉगमध्ये (उजेड-सावलीचा तपशील राखणारं फिकट, सपाट रेकॉर्डिंग) शूट करायचं का? कॅमेरा १०-बिट रेकॉर्ड करत असेल तर हो. ८-बिटमध्ये एस-लॉग ३ (सोनी कॅमेऱ्याचा लॉग) वापरला तर संध्याकाळच्या आभाळात रंगाच्या पायऱ्या दिसतात, आणि त्या निघत नाहीत. ८-बिट कॅमेऱ्यावर साधं, कमी कॉन्ट्रास्टचं प्रोफाइल बरं. एस-लॉग ३ मध्ये मधला करडा ४१ टक्क्यांवर बसतो. तो एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) चढा ठेवला तर सावलीतला नॉइज बराच कमी होतो. निळा चॅनेल सगळ्यात जास्त नॉइज धरतो, आणि तुमचा हिरो निळा आहे, म्हणून हा एक स्टॉप इतरांपेक्षा तुम्हाला जास्त लागणार. झेब्रा (फार उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय) ९४ वर लावा; त्या खुणा हिरोच्या कपड्यावर आल्या तर एक्स्पोजर उतरवा, मागच्या बल्बवर आल्या तर दुर्लक्ष करा.

प्रत्येक सेटअपच्या सुरुवातीला करडं कार्ड आणि त्या निळ्या कापडाचा तुकडा चेहऱ्याशेजारी धरून पाच सेकंद रेकॉर्ड करा. महिन्याभराने दोन वेगळ्या दिवसांचे शॉट जुळवताना हाच तुकडा कामी येतो.

एक शॉट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

रंकाळा तलाव, पूर्वेचा काठ, हिरो कठड्यावर पाठमोरा, मग मान वळवून कॅमेऱ्याकडे बघतो. मागे पाणी आणि मावळतीची तांबूस पट्टी. सूर्यास्तानंतर कोल्हापुरात उपयोगी उजेड साधारण वीस-बावीस मिनिटं टिकतो, त्यातली मधली दहा-बारा खरी कामाची. दिवा, फोकस, हालचाल सगळं ऊन असतानाच बसवून ठेवा.

या वेळी आभाळाचा प्रकाश फार निळा असतो. ५६०० वर सगळंच निळं येईल, आणि निळा तर हिरोचा. म्हणून इथे ६५०० ठेवा. आभाळ करड्याकडे येतं. हिरोवर एका बाजूने छोटा एलईडी पॅनल, पुढे पांढरं पातळ कापड. या दिव्याशिवाय शॉट घेऊ नका. अंधारात निळा आणि काळा यांत कॅमेऱ्याला फरक कळत नाही, आणि नुसत्या आभाळाच्या उजेडात पोशाख काळ्या आकृतीत जातो. दिवा ५६०० वर ठेवा, पिवळ्यावर नाही. पिवळ्या प्रकाशात निळं कापड मळकं दिसतं.

आता डाविंची रिझॉल्व्ह, म्हणजे ग्रेडिंगचं सॉफ्टवेअर. फुकट आवृत्ती पुरते, फक्त नॉइज काढण्याची साधनं पैसेवाल्या आवृत्तीत आहेत, म्हणून वर एक स्टॉप चढा ठेवायला सांगितलं. कलर पेजवर ऑल्ट आणि एस दाबून सात नोड (रंगकामाच्या एकेका पायरीची चौकट) एकापुढे एक काढा.

पहिल्या नोडवर कलर स्पेस ट्रान्सफॉर्म (रंग एका मापातून दुसऱ्या मापात नेणारा इफेक्ट): आत एस-गॅमट ३ सिने आणि एस-लॉग ३, बाहेर डाविंची वाइड गॅमट आणि डाविंची इंटरमीडिएट. सातव्या, म्हणजे शेवटच्या नोडवर तोच इफेक्ट उलट कामाला: आत डाविंची वाइड गॅमट, बाहेर रेक ७०९ (टीव्ही-मॉनिटरसाठी ठरलेला रंगांचा आवाका) आणि गॅमा (उजेडाचा चढ) २.४. सगळं ग्रेडिंग या दोघांच्या मधे. इथे दोन चुका ठरलेल्या आहेत. प्रोजेक्ट सेटिंगमध्येही कलर मॅनेजमेंट चालू ठेवलं तर रूपांतर दोनदा होतं आणि चित्र करपल्यासारखं दिसतं. दुसरी चूक म्हणजे रेक ७०९ चा लट पहिल्याच नोडवर टाकणं. त्यात आभाळातला जो तपशील कापला गेला तो पुढच्या कुठल्याच नोडला मिळत नाही.

दुसरा नोड फक्त समतोलाचा. करड्या कार्डाची फ्रेम लावा, परेड स्कोप (तिन्ही रंगांची उंची दाखवणारा आलेख) उघडा, ऑफसेटच्या चाकाने लाल, हिरवा, निळा एका उंचीवर आणा. लूकचा मोह इथे आवरा. चेहऱ्याची उजळ बाजू वेव्हफॉर्मच्या, म्हणजे उजेडाच्या आलेखाच्या, ० ते १०२३ च्या मापावर ३५० ते ४२० च्या आसपास बसवा. दिवसाच्या प्रसंगात हीच बाजू ४५० ते ५५० मध्ये चालते, पण कातरवेळ आहे, ती कातरवेळच वाटली पाहिजे. सावळ्या चेहऱ्याला दिवसासारखा उजळ करायला गेलात की तो राखाडी पडतो.

तिसऱ्या नोडवर कॉन्ट्रास्ट १.१५ ते १.२५, पिव्हट (ज्या बिंदूभोवती कॉन्ट्रास्ट ताणला जातो तो) ०.३३६. डाविंची इंटरमीडिएटमध्ये मधला करडा तिथे असतो, म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवला तरी चेहऱ्याची उंची फारशी ढळत नाही. पिव्हट मूळच्या ०.४३५ वर राहिला तर चित्र एकदम काळवंडतं आणि मग माणूस गॅमा उचलायला लागतो, तिथून गोंधळ.

चौथा नोड राखणीचा, यावर वेळ घाला. आभाळातला निळा आणि पोशाखाचा निळा वेगळे करायचेत. आभाळाचा निळा फिका, आकाशीकडे झुकलेला आणि उजळ. पोशाखाचा गडद, जांभळ्याकडे झुकलेला. क्वालिफायरने (रंग-उजेडावरून भाग निवडणारं साधन) आभाळ टिपा, पण ह्यूवर (रंगाच्या जातीवर) विसंबू नका. ल्युमिनन्सची (उजेडाची) खालची मर्यादा एवढी वर आणा की पोशाख निवडीतून गळून पडेल. शिफ्ट आणि एच दाबलं की निवडलेला भागच दिसतो. तिथे कडा चावल्यासारख्या दिसत असतील तर ब्लर थोडा वाढवा. मग वरच्या अर्ध्या भागावर एक मऊ विंडो (भाग वेगळा करणारा आखलेला आकार) लावून सॅच्युरेशन ५० वरून ३० च्या आसपास आणा आणि ह्यू जरा हिरवटाकडे सरकवा. आभाळ करडं होतं, खालची तांबूस पट्टी तशीच राहते, आणि हिरोकडे न बघता नुसता हा नोड चालू-बंद केला तरी हिरो पुढे आल्यासारखा वाटतो. पोशाखाला अजून हातही लावलेला नाही, हे लक्षात घ्या. रंग उठवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे शेजाऱ्याचा रंग उतरवणं.

पाण्याकडेही बघा. रंकाळ्याचं पाणी आभाळाचा निळा उचलतं आणि काठाला शेवाळी हिरवा धरतं. तोही निळा त्याच निवडीत येतो का ते तपासा. येत नसेल तर याच नोडच्या आधी एक वेगळा नोड घालून ह्यू विरुद्ध सॅच्युरेशनच्या वक्रावर निळा बिंदू थोडा खाली ओढा, फक्त पाण्यावर विंडो लावून.

पाचवा नोड पोशाखाचा. क्वालिफायर, विंडो आणि ट्रॅक. मान वळवताना खांदे हलतात, म्हणून ट्रॅक झाल्यावर पूर्ण शॉट हळू चालवून बघा. सॅच्युरेशन ५० वरून ५८, फार तर ६२. याच्या पुढे गेलात की सावलीतल्या घड्यांमध्ये निळे कण नाचायला लागतात. खरं सांगायचं तर इथे सॅच्युरेशन ७० च्या वर न्यावं लागत असेल तर चूक दिव्याची आहे, शक्य असेल तर शॉट परत घ्या.

सहावा नोड लूकचा: सावल्या किंचित हिरवट करड्या, उजळ भाग किंचित ऊबदार. लिफ्टचं (सावल्यांचं) चाक हिरव्याकडे अगदी नखभर, गेनचं (उजळ भागाचं) नारिंगीकडे तेवढंच. लट आवडतच असेल तर इथे लावा आणि की पॅलेटमधला आउटपुट गेन १ वरून ०.४ करा. लूक म्हणजे मिसळीवरचा कट. खालची उसळ फसली असेल तर कट वाढवून मिसळ सुधारत नाही, नुसता घसा जळतो. शेवटी व्हेक्टरस्कोपवर (रंगाची दिशा दाखवणारा गोल आलेख) त्वचेची रेषा लावून चेहरा तपासा. लाल आणि पिवळ्याच्या मधली ती रेषा सगळ्या वर्णांना चालते. गोरा, गव्हाळ, सावळा यांत फरक उजेडाचा आणि सॅच्युरेशनचा असतो, दिशेचा फारसा नसतो. चेहरा हिरव्याकडे ढळला असेल तर लूकच्या सावल्या जास्त झाल्यात.

एक शॉट पसंत पडला की त्याचं स्टिल गॅलरीत ठेवा. पुढच्या शॉटला ग्रेड कॉपी करून दुसऱ्या नोडवर पुन्हा समतोल साधा आणि वाइप लावून (पडदा अर्धा-अर्धा वाटून) पहिल्या स्टिलशी पोशाख ताडून बघा, चेहरा नंतर. इतर सिनेमात आधी चेहरा जुळवतात. इथे प्रेक्षक पोशाख ओळखतो, आणि तो एका शॉटमध्ये निळा, दुसऱ्यात जांभळट झाला की हिरोने कपडे बदलले असं वाटतं.

जिथे घात होतो

तालीम. तांबडी माती आणि मातीत लोळलेला पैलवान, दोघांचा ह्यू जवळपास एकच. त्वचा निवडायला गेलं की अर्धा आखाडा निवडला जातो. त्वचेऐवजी माती निवडा: ती गडद आणि जास्त रंगीत असते. क्वालिफायरमध्ये सॅच्युरेशनची खालची हद्द वर घ्या, ल्युमिनन्सची वरची हद्द खाली, आणि मातीचं सॅच्युरेशन १५ ते २० टक्के उतरवा. चेहरे आपोआप सुटे होतात. झरोक्यातून येणाऱ्या कवडशात धूळ दिसायला हवी असेल तर तो कवडसा नटाच्या मागे पडू द्या. समोरून पडला तर धूळ दिसत नाही.

ऊस. जुलै ते सप्टेंबर शेतं इतकी हिरवी असतात की चेहऱ्यावरही हिरवी झाक येते. आधी ह्यू विरुद्ध ह्यूने पिवळट हिरवा थोडा शेवाळीकडे, मग ह्यू विरुद्ध सॅच्युरेशनने २० टक्के खाली. क्रम उलटा केला तर हिरवा मेल्यासारखा दिसतो. चेहऱ्याची झाक वेगळ्या नोडवर, विंडो लावून, किंचित मॅजेंटा देऊन काढा.

गुलाल आणि मिरवणुकीतले डीजेचे दिवे हे एकाच जातीचं दुखणं आहे. गुलालाचा गुलाबी आणि एलईडीचा गर्द निळा-जांभळा रेक ७०९ च्या आवाक्याबाहेर जातात, त्यामुळे हवेतला गुलाल कागद चिकटवल्यासारखा सपाट दिसतो आणि दिव्याखालचा चेहरा निळ्या मुखवट्यासारखा. सॅच्युरेशन सरसकट कमी करू नका, त्याने माणसं आजारी दिसतात. शेवटच्या रूपांतराच्या नोडवर गॅमट मॅपिंगमध्ये सॅच्युरेशन कॉम्प्रेशन निवडा. आवाक्याबाहेरचेच रंग आत ओढले जातात आणि बाकीचे जागेवर राहतात. निळ्या डीजे लाइटखाली मात्र निळ्या हिरोचा प्रसंगच लिहू नका. ती लढाई कुठलंही सॉफ्टवेअर जिंकत नाही.

दिवसा शूट करून रात्र करायची असेल तर सूर्य नटाच्या मागे ठेवा, आभाळ फ्रेमबाहेर, एक्स्पोजर दीड स्टॉप खाली. ग्रेडमध्ये सॅच्युरेशन ३० टक्के कमी. मसाईच्या पठारावर हे जमतं. गल्लीत नाही, कारण तिथे एकही दिवा पेटलेला नसलेली रात्र कुणाला पटत नाही.

खोली, मोबाइल, थिएटर

पोपटी भिंतीच्या खोलीत बसून ग्रेड केलं की डोळा भिंतीची भरपाई करतो, चित्र गुलाबी भासतं आणि माणूस ते हिरवट करून ठेवतो. मागे करडी चादर टांगा, तिच्यावर ६५०० केल्व्हिनचा मंद दिवा सोडा, खिडकी झाका. स्क्रीनचे व्हिव्हिड, नाइट लाइट, ट्रू टोन बंद. मॉनिटर कॅलिब्रेट करून १०० निट्स (उजेडाचं माप) आणि गॅमा २.४ वर आणता आला तर उत्तम. नाही आला तर डोळ्यापेक्षा स्कोपवर जास्त विश्वास ठेवा. दर वीस मिनिटांनी खोलीबाहेर जाऊन या. सतत बघत राहिलं की डोळा कुठल्याही रंगाला पांढरा मानायला लागतो.

यूट्यूबसाठी शूट एचडी असलं तरी एक्स्पोर्ट ३८४० बाय २१६० करा. मोठ्या फाइलला तिकडे चांगला कोडेक (फाइल आवळण्याची पद्धत) मिळतो आणि अंधारातल्या पायऱ्या कमी होतात. एच २६४, ६० मेगाबिटच्या आसपास. सगळ्यात काळा भाग वेव्हफॉर्मवर २५ ते ४० च्या खाली चेपू नका, मोबाइलवर तो नुसता काळा ठिपका होतो. थोडं ग्रेन (फिल्मसारखे बारीक दाणे) घातलं तरी पायऱ्या झाकल्या जातात. ‘द बॅटमॅन’ (२०२२) तर डिजिटलवर शूट करून नंतर खऱ्या फिल्मवर उतरवून पुन्हा स्कॅन केला होता. आपण फिल्म ग्रेनची क्लिप ओव्हरले मोडमध्ये २० टक्के अपारदर्शकतेवर टाकली तरी भागतं.

थिएटरचा हिशेब वेगळा. तिथे पडदा ४८ निट्सचा, गॅमा २.६, रंग पी३ (थिएटरचा रंगांचा आवाका). तुमच्या मॉनिटरच्या निम्माही उजेड नाही. डीसीपी-ओ-मॅटिक हे फुकट सॉफ्टवेअर रेक ७०९ ची फाइल घेऊन डीसीपी (थिएटरमध्ये चालणाऱ्या फाइलचा संच) करून देतं: फ्लॅटला १९९८ बाय १०८०, जास्त रुंद स्कोपला २०४८ बाय ८५८, २४ फ्रेम. २५ फ्रेमची फिल्म २४ वर आणताना आवाज आणि लांबी दोन्ही बदलतात, म्हणून थिएटर नक्की असेल तर सुरुवातच २४ ने करा. शो सुरू होण्याआधी दहा मिनिटं मागून घ्या आणि पहिली रीळ चालवण्यापेक्षा रंकाळ्याचा तो एक शॉट पडद्यावर लावा. मागच्या रांगेतून निळा आणि काळा वेगळे दिसले तर ठीक. नाही दिसले तर लॅपटॉप उघडून पाचव्या नोडवर गॅमा थोडा उचला, आणि डीसीपी पुन्हा करायला किती वेळ लागतो ते आदल्या दिवशीच मोजून ठेवलेलं असू द्या.